गोव्यातलं ऊन आणि धूळ : रस्त्यावरच्या फोटोत दोन्ही कसं पकडायचं?

मांडवीकाठ | शनिवार, सकाळी ७:४०

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला फोटो मी इथे टाकला, तेव्हा बहुतेकांनी एकच विचारलं: छपराच्या फटीतून उतरलेले उन्हाचे पट्टे इतके ठसठशीत कसे आले, नंतर संगणकावर घातले का? नाही घातले. ते तिथेच होते. पण ते दिसण्यासाठी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं असतं, आणि त्यावर नीट बोलायला हवं म्हणून हा वेगळा धागा.

उन्हाचा पट्टा हवेत आपोआप दिसत नाही. दिसतात ते त्यात तरंगणारे कण. धुळीचे, धुराचे, पिठाचे कण प्रकाशाच्या लहरींपेक्षा मोठे असतात, आणि असे कण उजेड चहूकडे सारखा उधळत नाहीत. तो ज्या दिशेने निघाला होता, साधारण त्याच दिशेने थोडासा वळवून पुढे पाठवतात. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उभे राहिलात तर समोरची धूळ जवळजवळ दिसतच नाही. तीच धूळ पलीकडच्या बाजूने, सूर्याकडे तोंड करून पाहा, पेटल्यासारखी दिसते. सूर्य अगदी चौकटीत असायला हवा असं नाही. तो खांबाआड, बसच्या टपाआड, कुणाच्या डोक्याआड गेला तर जास्त चांगलं, कारण भिंगात थेट ऊन शिरत नाही आणि काळे भाग काळे राहतात.

दुसरी अट काळोखाची. उजळलेल्या धुळीमागे आभाळ किंवा चुन्याची भिंत आली की धूळ त्यात विरघळून जाते. मागे हवं सावलीतलं दुकान, उघडं दार, वडाखालची सावली, गिलावा न केलेली चिऱ्यांची भिंत. मी बाजारात गेल्यावर आधी असा काळोख शोधतो. मग ऊन कुठून पडतंय ते पाहतो. आणि मग थांबतो, कारण धूळ उडवणारं कुणीतरी येतंच: झाडू मारणारी बाई, पोती आपटणारा हमाल, हातगाडी. धूळ दिसली म्हणून तिच्यामागे धावलं तर आपण पोचेपर्यंत ती बसलेली असते.

एक्सपोजरबद्दल, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याबद्दल, थोडक्यात. चौकटीत काळोख जास्त असला की कॅमेऱ्याचा मीटर सगळंच उजळ करायला जातो आणि पट्टा पांढराफटक होतो. स्पॉट मीटर (चौकटीतला छोटासा भागच मोजणारा) लावून उजळ भाग मोजा, नाहीतर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एक ते उणे दोन स्टॉपवर ठेवा; एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. सावल्यांत काही दिसेनासं झालं तर होऊ द्या. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) असेल तर सावलीतून थोडंफार परत मिळतं, जळालेल्या उजेडातून काही मिळत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका, तो संध्याकाळचा तांबूसपणा धुऊन टाकतो. साडेपाच हजार केल्विनच्या आसपास पक्का करून ठेवा.

आता वेळ. याबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण फोटोच्या सल्ल्यांत गोव्याचा सूर्य कुणी धरतच नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आणि पणजी ७३.८ अंशांच्या जवळ. म्हणजे सूर्य आपल्याकडे सुमारे ३५ मिनिटं उशिरा पोचतो. खरी मध्यान्ह सरासरी १२:३५ ला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५० च्या जवळ. त्यामुळे सकाळी नऊचं आपलं ऊन कोलकात्याच्या नऊच्या उन्हापेक्षा पुष्कळ कोवळं असतं. सकाळ लवकर संपली म्हणून कॅमेरा पिशवीत घालू नका.

पणजी साडेपंधरा अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य ५१ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे गल्लीची एक बाजू दिवसभर सावलीत राहते. मेच्या पहिल्या आठवड्यात तो दुपारी थेट डोक्यावर येतो, तसाच पुन्हा १० ऑगस्टच्या आसपास, पण तेव्हा पावसाचे ढग असतात. रस्त्यावर मे महिन्याची दुपार निरुपयोगी वाटते. छपराच्या बाजारात मात्र तीच सर्वांत चांगली, कारण पत्र्यातल्या भोकातून पट्टा सरळ खाली, ओळंब्यासारखा उतरतो.

मावळतीची दिशाही सरकत असते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो, डिसेंबरात त्याच्या २४ अंश दक्षिणेला, जूनमध्ये २४ अंश उत्तरेला. एखाद्या गल्लीच्या तोंडातून संध्याकाळचं ऊन आरपार येतं ते वर्षातले थोडेच दिवस. आपापल्या गावातल्या गल्ल्यांची तोंडं होकायंत्रावर पाहून वहीत लिहून ठेवा. फोनमध्ये होकायंत्र असतंच.

तुमच्याकडच्या जागा, वेळा सांगा.

---

केपेकर | शनिवार, सकाळी ९:०५

मांडवीकाठबाब, फार उपयोगी लिहिलंत. माझ्याकडे फक्त फोन आहे. कुडचड्याच्या बाजारात सकाळी पट्टे डोळ्यांना दिसतात, फोटोत सगळं करडं आणि सपाट येतं. फोनवर हे जमतं का?

---

मांडवीकाठ | शनिवार, सकाळी ९:३०

जमतं. फोन आपण न सांगता एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन एकत्र करतो, सावल्या उजळतो आणि उजेड दाबतो. आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. ही सोय, म्हणजे एचडीआर, बंद करता येत असेल तर करा. नाहीतर पट्ट्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच पक्के होतात. मग पडद्यावर बोट खाली ओढत न्या, सावली काळी दिसेपर्यंत. प्रो मोड असेल तर त्यातून रॉ काढा. आणि भिंग पुसा. फोन खिशात असतो, बोटांचं तेल भिंगावर बसतं, आणि सूर्यासमोर धरला की सगळ्या चौकटीवर दुधाळ पडदा येतो. तुम्हाला दिसणारा करडेपणा बराचसा तोच असेल.

---

कौलारू | शनिवार, सकाळी ११:१५

जागा विचारल्यात म्हणून. सत्तरीत आमच्या जुन्या घरात रांधपाच्या (स्वयंपाकाच्या) खोलीवर एक काचेचं कौल आहे. बाकी सगळी मातीची कौलं, त्यात ते एकच पारदर्शक. चूल पेटली की धूर वर चढतो आणि साडेअकराच्या पुढे त्या कौलातून येणारा उजेड धुरात जाड खांबासारखा उभा राहतो. रस्ता नव्हे हे कबूल. पण वाळपई, साखळी, डिचोलीच्या बाजारांत जुन्या दुकानांवर अशी कौलं अजून आहेत. किराणा दुकानात मिरची किंवा धण्याची पोती उलटी करतात तेव्हा पाहा. दुकानदाराला आधी विचारायचं, आणि त्याच्या गिऱ्हाइकाच्या वाटेत उभं राहायचं नाही.

थंडीतला एक वेगळा लाभ सांगते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे पालापाचोळ्याचा धूर वर न जाता आडव्या थरात पसरून राहतो. ऊन डोंगरावरून उशिरा उतरतं, तोवर थर शाबूत असतो. आमच्याकडे घाटाच्या बाजूला हे जास्त मिळतं. किनाऱ्याजवळ मी असं क्वचितच पाहिलंय.

---

रानवाट | शनिवार, दुपारी २:५०

धागा वाचला. तंत्र चोख आहे, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण मी सावर्डे-कुडचडे रस्त्यावर वाढलेली आहे आणि मला हे लिहावंच लागेल.

२०१२ च्या आधी आमच्या दारावरून खनिजाचे ट्रक दिवसभर जायचे. अंगणातली तुळस लाल, दोरीवरचे कपडे लाल, शाळेच्या बाकावर बोटाने नाव लिहिता यायचं. आई दिवसातून कितीतरी वेळा ओटा पुसायची. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, नंतर सुरू झाल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये परत थांबल्या. धूळ गेली. तिच्याबरोबर कितीतरी घरांची मिळकतही गेली, हे दोन्ही खरं आहे. त्या काळात बाहेरून फोटो काढायला माणसं यायची. संध्याकाळच्या उन्हात ती धूळ खरोखर सोन्यासारखी दिसायची. त्या फोटोंत आमचं घर सोनेरी आहे आणि आजीचा खोकला कुठेच नाही.

धुळीला पीएम१० म्हणून मोजतात ते दहा मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या सातव्या भागाएवढे. आपल्या देशात त्याची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. कॅमेऱ्याला जी धूळ देखणी वाटते ती बऱ्याचदा या मर्यादेच्या कितीतरी वर असते, आणि तिच्यात उभा असलेला माणूस ती फोटो संपल्यावरही श्वासातून घेतच राहतो. वास्कोतल्या लोकांना कोळशाच्या भुकटीबद्दल विचारा.

माझं मागणं एवढंच: फोटोत धूळ कुठून आली ते दिसू द्या.

---

जुने_रोल | शनिवार, दुपारी ४:२०

रानवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पूर्ण पटला.

---

मांडवीकाठ | शनिवार, रात्री ८:१०

रानवाटताई, हे इथे लिहिल्याबद्दल आभार. तुमच्या मागण्याला मी तंत्राच्या बाजूनेही उत्तर देऊ शकतो, कारण माझ्या मते ते चांगल्या फोटोचंही मागणं आहे.

नुसता सोनेरी ढग आणि त्यात एक काळी आकृती, असे फोटो आज ढिगाने दिसतात. गोवा असो की राजस्थान, सारखेच. त्यात माणूस कोण, काय करतोय, काही कळत नाही. चौकटीत झाडू आला, चाळण आली, ट्रकचं चाक आलं, खणलेला रस्ता आला, की फोटोला पत्ता मिळतो. त्यासाठी थोडं रुंद भिंग लागतं, २८ किंवा ३५ मिमी, आणि जवळ जावं लागतं. लांबून २०० मिमीने काढलेल्या फोटोत धूळ दाट दिसते हे खरं, पण धुळीचं कारण बाहेर राहतं.

आणि सावली इतकीही दाबू नये की चेहराच नाहीसा होईल. वर मी सावल्या काळ्या होऊ द्या म्हटलंय, ते मागच्या काळोखाबद्दल. माणसाच्या चेहऱ्यावर समोरच्या भिंतीवरून परतलेला थोडा उजेड पडत असेल तर तो जपा. झाडू मारणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर पदर बांधलेला असतो. तो पदर दिसला पाहिजे. रानवाटताई म्हणतात तो खोकला फोटोत यायचा असेल तर अशाच वाटेने येईल.

---

शिगमेली | रविवार, सकाळी १०:३०

गुलालाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

रस्त्यावर ऊन आणि उडती भुकटी एकत्र हवी असेल तर फाल्गुनातला शिगमो. पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा इथल्या चित्ररथांच्या मोठ्या मिरवणुका रंगेपर्यंत ऊन गेलेलं असतं, मग उरतात दिवे. उन्हासाठी गावात जायचं. डिचोली आणि सत्तरीतली घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच), गावोगावचे रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत निघणारे मेळ), आणि कुशावतीकाठी जांबावलीला दामोदराच्या देवळातला गुलाल. जांबावलीला गुलाल इतका उधळतात की हवाच लाल होते.

इथे एक तांत्रिक अडचण खास गुलालाचीच आहे. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक दाखवतो, पण लाल रंगाची वाहिनी एकटीच भरून सांडलेली असते. घरी येऊन पाहावं तर गुलालाचा ढग म्हणजे एक सपाट लाल डाग, त्यात ना कण ना घड्या. म्हणून तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल पाहून एक्सपोजर ठरवा. बहुतेक वेळा आणखी पाऊण-एक स्टॉप खाली यावं लागतं. सॅच्युरेशन वाढवणारी प्रोफाइल असेल तर ती बदला.

फोकसचंही तसंच. दाट भुकटीत ऑटोफोकस पुढेमागे हेलपाटत राहतो. २८ मिमी भिंग, एफ/८ एवढं छिद्र, हाताने तीन मीटरवर फोकस: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण दीड मीटरपासून तीसेक मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. मग फोकसचा विचारच नाही, फक्त माणसं पाहायची. शटर १/५०० च्या खाली आणू नये. मूठ उघडून गुलाल सुटतो तो क्षण १/१००० ला कणाकणाने येतो.

देवळात चाललंय ते देवाचं आहे. गाऱ्हाणं (देवापुढची विनवणी) सुरू असताना मी कॅमेरा खाली ठेवते, आणि इतरांनीही ठेवावा असं मनापासून वाटतं.

---

जुने_रोल | रविवार, दुपारी १२:१०

जुन्या माणसांचं थोडं. भारतीय छायाचित्रकार रघुबीर सिंग यांचे रस्त्यावरचे रंगीत फोटो आपण पाहतो, ते कोडाक्रोम स्लाइड फिल्मवरचे. स्लाइड फिल्मला उजेडाची चूक अर्धा-एक स्टॉपसुद्धा सहन होत नाही, त्यामुळे उजेड धरायचा आणि सावली सोडायची हा त्या पिढीचा नेमच होता. कोडाक्रोम २००९ मध्ये बंद झाली, नेम मात्र डिजिटलला तसाच लागू पडतो.

दुसरं नाव हाँगकाँगचे छायाचित्रकार फॅन हो यांचं. गल्लीतला धूर, तिरपं ऊन, त्यातून जाणारा एकटा माणूस हे त्यांच्याइतकं नेटाने फार थोड्यांनी पाहिलं. पण १९५४ चा त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो, भिंतीशी उभी असलेली तरुणी आणि तिच्याकडे सरकणारी तिरकी सावली, हा योजून काढलेला आहे. ती त्यांच्या नात्यातली मुलगी, आणि सावली डार्करूममध्ये तयार केलेली. त्यांनी हे लपवलं नाही.

हे अशासाठी लिहितोय की हल्ली टाल्कम पावडर उडवून, किंवा धुराची नळकांडी लावून गल्लीत फोटो काढतात आणि खाली 'स्ट्रीट' लिहितात. योजून काढा, सुंदर काढा, फक्त तसं लिहा. आणि दुसऱ्याच्या दारात नळकांडी लावू नका. पणजीतल्या फोंतेन्हासमध्ये घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत, त्या फोटोवाल्यांच्याच वागण्यामुळे. तिथे माणसं राहतात, त्यांचं दार, त्यांची खिडकी.

---

हळदोणेकर | रविवार, सायंकाळी ५:४५

धूळ म्हटलं की सगळे मातीच धरतात. पदेराचं फोर्न, म्हणजे पाववाल्याची भट्टी, पाहा. लाकडाच्या भट्टीचा पाव अजून बऱ्याच गावांत होतो. दुपारनंतर पीठ मळायला घेतात, खोली काळवंडलेली, एखादीच खिडकी, आणि पिठाची भुकटी तासन्‌तास हवेत. वर सांगितलेल्या दोन्ही अटी, काळोख आणि समोरून ऊन, तिथे आयत्या मिळतात. पश्चिमेची खिडकी असलेलं फोर्न शोधा. पीठ पांढरं असल्यामुळे मातीपेक्षा कितीतरी जास्त उजळतं, म्हणून उणे दोनच्याही खाली जावं लागतं. पहाटे तोच पाव घेऊन पदेर सायकलवरून निघतो तेव्हा ऊन नसतं, पण दुपारच्या फेरीत असतं.

आणि वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, कापणी. एप्रिल-मेमध्ये भात उफणताना कोंडा उडतो. हे कण मोठे, त्यामुळे एकेक वेगळा चमकतो. उफणणारा माणूस वाऱ्याची दिशा धरून उभा असतो, तेव्हा आपण कोंड्याच्या वाटेतून बाजूला राहायचं.

फोर्नवाल्याकडे पहिल्या दिवशी कॅमेरा न काढता नुसता पाव घ्यायला जा. दुसऱ्यांदा "फोटो काडूं?" विचारा. काढलेला फोटो छापून नेऊन द्या. माझ्या गावात तरी यानंतर कुणी नाही म्हटलेलं नाही.

---

कौलारू | रविवार, रात्री ९:००

हळदोणेकरांनी वाऱ्याचा विषय काढलाच आहे तर: किनाऱ्याकडे दुपारपासून वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. संध्याकाळी सूर्यही पश्चिमेला. म्हणजे ऊन समोर घेऊन उभं राहिलं की धूळ नेमकी आपल्या तोंडावर. यावर उपाय काय करता? कॅमेऱ्यात जाते का?

---

शिगमेली | रविवार, रात्री ९:४०

जाते. भिंग बदलायचं नाही, हा पहिला नियम. बाहेर पडतानाच एक लावून निघायचं. पुढे साधा यूव्ही फिल्टर आणि हूड. परत आल्यावर आधी ब्लोअरने झटकायचं, मग पुसायचं. कोरडे कण असताना कापड फिरवलं तर चरे पडतात. सेन्सरवर धूळ बसली की एफ/१६ला आभाळात काळे ठिपके दिसतात, एफ/४ला लपतात. संध्याकाळी चिऱ्यांची भिंत मागे असेल तर तसेही लपतात.

पोलरायझर काढून ठेवा. सूर्यासमोरच्या धुळीवर त्याचा काही उपयोग नाही, उजेड मात्र दीड-दोन स्टॉप खातो.

आणि पावसाळ्याच्या आधी कॅमेरा कोरडा करून ४०–५० टक्के आर्द्रतेच्या डब्यात ठेवा. भिंगावर बसलेली धूळ आणि गोव्याची दमट हवा एकत्र आली की बुरशी धरते.

वाऱ्याला उत्तर सकाळ. सकाळी वारा मंद असतो आणि उडालेली धूळ हवेत जास्त वेळ टिकते.

---

केपेकर | मंगळवार, सकाळी ११:२०

आज कुडचड्याच्या बाजारात गेलो होतो. भिंग पुसलं, पट्ट्यावर बोट धरून उजेड खाली ओढला. पोती उतरवणारे दोघे आहेत, विचारून काढला. पट्टा पहिल्यांदाच डोळ्यांना दिसतो तसा आलाय. फोटो खाली जोडलाय, मोकळेपणाने सांगा.

---

रानवाट | मंगळवार, दुपारी १:०५

पोत्यावरची मिरचीची छपाई वाचता येते आणि मागच्या माणसाने नाकावर टॉवेल धरलाय तोही दिसतो. मला फोटो फार आवडला. त्या दोघांना दाखवलात का?

---

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

छान आलाय. एकच सुचवतो: उजवीकडे दुकानाचा पांढरा फलक आहे, डोळा पट्ट्यावरून घसरून तिकडे जातो. तेवढा कापून पाहा. पुढच्या वेळी दोन पावलं उजवीकडे सरकलात तर फलक खांबाआड जाईल आणि मागे पूर्ण काळोख मिळेल. पोती उतरवायची वेळ रोज तीच असेल तर याच महिन्यात परत जा. तो पट्टा पुढच्या महिन्यात त्या जागी पडणार नाही.

---

केपेकर | मंगळवार, दुपारी २:१५

दाखवला, दोघांनाही फोनवर पाठवला. पोती मंगळवार आणि शुक्रवार साडेनऊला येतात असं त्यांनीच सांगितलंय. शुक्रवारी खांबाच्या त्या बाजूने उभा राहतो.